दहा ओहम

बारावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि परीक्षक म्हणून नवापूरहून चारुलता मॅडम आल्या होत्या. त्या हात आखडून मार्क देतात असं ऐकल्यामुळे तळोद्याचे हेमकांत सर सकाळपासूनच धास्तावले होते. पण पोरांनी सरांची लाज राखली. जो तो मीटरकडे बघून धडाधड सांगत होता, "तीन व्होल्ट, पॉइंट तीन अँपिअर. म्हणजे रेझिस्टन्स दहा ओहम आणि पॉवर पॉइंट नऊ वॅट." एकाचंही उत्तर चुकलं नाही. मॅडम खूश झाल्या, सरांची कॉलर ताठ झाली.

स्वप्नालीचं घोडं तेवढं पेंड खात होतं. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, मन्हा काटाच हालत नही."

"बाकीस्ना बरा हालना!" सर दातओठ खात पुटपुटले. "तू सालभर काय शिकनी मंग?"

तिने व्होल्ट शून्य लिहिले, अँपिअरही शून्य लिहिले. शून्याला शून्याने कसं भागायचं हे न कळून पुढचं कोरं सोडलं आणि डोळे पुसत बाहेर गेली. मॅडमनी तिला नापास केलं. सरांनीही मान डोलावली.

मॅडमना स्टँडवर सोडून सर सामान आवरायला परत आले. मीटर ठेवायला त्यांनी कपाट उघडलं.

आज सगळ्या टेबलांवर जोडायच्या सेलचं खोकं समोरच होतं, सीलसुद्धा न फोडलेलं.