आठचा आकडा

शेवटच्या वळणावर काचवाल्याचा डावा पाय जमिनीला टेकला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली आणि पुढच्याला हात केला. मोटरसायकल शिकवणारे मास्तर कुंपणापाशी कपाळाला हात लावून उभे राहिले.

ही तिसरी खेप. जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यातून पाय न टेकता बाहेर पडायचं, एवढीच परीक्षा. सरावाच्या वेळी हा पन्नाशी उलटलेला माणूस एका हाताने चष्मा सारखा करत तो आकडा काढायचा. तरुणपणी त्याने वर्षानुवर्षं मोटरसायकल चालवली होती. पुढे घराखालीच काचा आणि आरशांचं दुकान थाटलं, गाडी विकली, आणि परवान्याची मुदत कधी संपली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"तुम्ही पाय टेकता आणि मी हात टेकले," मास्तर म्हणाले.

काचवाला ओशाळून हसला. पुढची तारीख कधीची, एवढंच त्याने विचारलं.

घरी बायको खिडकीपाशी पलंगावर पडून असे. दुखण्याचं नाव आता कोणी काढत नसे. डॉक्टरांनी थंडीपर्यंतचं सांगितलं होतं, आणि आता तर पंखे लावायचे दिवस आले होते. तिची एकच इच्छा उरली होती. पुन्हा एकदा नवऱ्याच्या मागे बसून नदीच्या पुलापर्यंत जायचं. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. अंगात बसायचं त्राण नव्हतं, म्हणून त्याच्या पाठीशी बांधून घ्यायला तिने एक जुनी ओढणी उशाखाली ठेवली होती.

"डॉक्टरांना सांगा, आधी यांचं लायसन्स येऊ दे," ती येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची. "पुलावर जाऊन आले की मग मी मोकळी. तोवर मला मरायला सवड नाही."

तो परीक्षेहून आला की ती त्याच्याकडे बघायची. "टेकला?" "टेकला." मग ती हसायची, त्याला चिडवायची, आणि पुढच्या तारखेसाठी अंगात जोर हवा म्हणून दोन चमचे भात जास्त खायची. तो पलंगाच्या कडेला बसून ते दोन चमचे बघत राहायचा.

धाकट्या मेहुणीला हे सहन होत नव्हतं. स्वतःचं घर सोडून ती बहिणीच्या उशाशी बसली होती. तिसऱ्या खेपेनंतर तिने स्वयंपाकघरात त्याला गाठलं.

"भाऊजी, तिचे हाल बघवत नाहीत हो. रात्ररात्र दात आवळून पडलेली असते. गल्लीच्या टोकापर्यंत तरी फिरवून आणा. कोण अडवायला येतंय?"

"परवान्याशिवाय नाही," तो म्हणाला आणि खाली दुकानात निघून गेला.

हा माणूस काय कामाचा, असं मेहुणीला वाटलं. आयुष्यभर नियमाने वागला, आता बायकोच्या शेवटच्या इच्छेलाही नियम लावतोय. खाली त्याने एक मोठा आरसा कापायला घेतला. काचेवर रेघ एकदाच ओढायची असते. त्याने ती ओढली, आणि त्याचा हात जराही हलला नाही.

दोन-तीन दिवसांनी त्याचं मैदानावर विसरलेलं हेल्मेट द्यायला मास्तर घरी आले. तो दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. बायकोने मास्तरांना वर बोलावून घेतलं, खुर्ची द्यायला लावली आणि विचारलं, हे नक्की चुकतात तरी कुठे?

मास्तर भला माणूस. तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी नवऱ्याचं भरभरून कौतुक केलं. असा तोल त्यांनी तरुण पोरांतही पाहिला नव्हता म्हणे.

"मलाही हे कोडंच आहे, वहिनी. घाबरणाऱ्याचा पाय आधी लोंबकळतो, खालीवर होतो. यांचं तसं नाही. पायरी उतरावी तसा सरळ खाली येतो."

तिने उशाखालून ओढणी काढून हातात घेतली. मग मास्तरांना चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणाली. त्या संध्याकाळी तिने भाताची ताटली तशीच परत पाठवली. मेहुणीने खूप विनवलं, पण तिने तोंड उघडलं नाही.

चौथ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी तो पलंगाशेजारी बसून बुटाची नाडी बांधत होता. तिने त्याचं मनगट धरलं. घरात ती त्याला कायम 'अहो' म्हणायची. फक्त मोटरसायकलवर मागे बसली की अरेतुरे करायची, कारण वाऱ्यात ते दुसऱ्या कोणाला ऐकू जात नसे. त्याला बावीस-तेवीस वर्षांत तिच्या तोंडून ते ऐकायला मिळालं नव्हतं.

"मी फार दमले रे," ती म्हणाली. "आज पाय टेकू नकोस."

मेहुणीने तोंड फिरवलं. एवढी साधी इच्छा, तीसुद्धा या माणसाच्याने पुरी होत नाही, या विचाराने तिला भडभडून आलं. तो सुटलेली नाडी हातात धरून बसला. निघताना त्याने ओढणीची घडी नीट करून तिच्या हाताशी ठेवली.

मैदानावर साहेबांनी नाव पुकारलं. पहिलं वर्तुळ झालं, दुसरं सुरू झालं. मास्तर कुंपण घट्ट धरून उभे होते. शेवटचं वळण आलं.

मोटरसायकल पूर्ण तोलात होती. मागच्या तिन्ही खेपांनाही ती अशीच तोलात होती, आणि तिन्ही वेळा त्याने जाणूनबुजून पाय खाली ठेवला होता, कारण पुलावर जाऊन येईपर्यंत ती थांबणार होती. आता त्याचे डोळे इतके भरून आले होते की समोरची रेघही दिसत नव्हती. त्याने पाय वरच ठेवला.