दुपट्यावरचा डाग

गावच्या आशा सेविका शालन लोहार दारात आल्या तेव्हा कस्तुरी बाळाची दुपटी वाळत घालत होती. सगळी पांढरीशुभ्र. नदीत रंग शोषणारी कोळशाची नवी भुकटी सोडल्यापासून डाइंग कारखान्याचं लाल-निळं पाणी नितळ झालं होतं. भुकटी रंग म्हणून काही ठेवतच नव्हती. रंगीत साड्या तेवढ्या धुवायला परगावी पाठवाव्या लागायच्या.

“बाळ सारखं झोपतंय, ताई. पाजायला घेतलं तरी उठत नाही.”

“कावीळ असेल. शूने दुपटं पिवळं होतं का?”

“नाही.”

“मग बरंय.” शालनताई थबकल्या. “धुवायच्या आधी बघितलंस ना?”

“आधीच बघते. ओलं दुपटंसुद्धा पांढरंच असतं. माझी लघवीही तशीच, अगदी पाण्यासारखी. वर्षभर हेच पाणी पितोय ना आपण.”

शालनताईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. बाळाला उजेडात घेऊन त्यांनी नेहमीसारखं त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं. बोट काढल्यावर कातडी पिवळी दिसली तर कावीळ. कावीळ नसली तर कातडी लगेच गुलाबी होते.

त्यांनी बोट काढलं. शेंडा पांढरा दिसला. दोघी बघत राहिल्या. शेंडा पांढराच राहिला.

“ताई, होईल ना गुलाबी?”

शालनताईंनी स्वतःच्या नखावर अंगठा घट्ट दाबला होता, आणि तो उचलायचं धाडस त्यांना होत नव्हतं.