खंड की उघडीप

साहेबांनी तिच्या हवामान पत्रकाच्या मसुद्यातला ‘खंड’ खोडला आणि त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं, ‘उघडीप’.

“साहेब, उघडीप म्हटलं की लोक धुणं वाळत घालतात. हा तीन आठवड्यांचा कोरडा खंड आहे. पाणी जपून वापरा, हे त्यांना कळायला नको?” हवामान खात्यातली ही बाई सकाळपासून हेच सांगत होती. सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडली होती.

“अर्थ एकच. पाऊस थांबणार.”

एकच कसा? तिने नकाशा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. पलीकडचा महासागर तापला होता, तो पाऊस पळवणार. आपल्या समुद्राचं पश्चिमेकडचं पाणीही तापत होतं, ते पाऊस आणणार. या ओढाताणीत हंगामाची बेरीज सरासरीइतकी भरेल, हे तिलाही मान्य होतं. पण सध्या पावसाचा पट्टा उत्तरेच्या डोंगरांकडे सरकला होता आणि इतक्यात खाली उतरायची चिन्हं नव्हती.

“बेरीज सरासरीच ना? मग झालं,” साहेब म्हणाले. “‘खंड’ छापला की उद्या सगळे आपल्या नावानं शंख करतील. वरून फोन येतील ते मला. तुला नाही.”

या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान उलट उत्तर देत नाही. पण पत्रकाखाली सही तिचीच लागत होती. तिने ती चरफडत केली.

चार दिवस कडकडीत ऊन पडलं. मग एका दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. तो शेजारच्या शहरात पाणीपुरवठ्याचा इंजिनियर होता. त्याच्या मागे धो धो आवाज येत होता. तो ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. चुकलं आपलं गणित, बरं झालं.

“पाऊस लागलाय का रे तिकडे?”

“पाऊस कसला, ताई. पिण्याच्या पाण्याचा तलाव रिकामा करतोय. भिंत कधीची गळतेय, पण पावसाळ्यात पाणी उतरतच नाही. तुमचं पत्रक वाचलं, खाली तुझी सही बघितली आणि म्हटलं, उघडीप आहे तोवर उरकून घेऊ. नंतर भरेलच की.”

“दरवाजे बंद कर. आधी बंद कर.”

“आता काय बंद करायचं? गाळ दिसायला लागला. का गं? किती दिवसांची आहे ही उघडीप?”

तिने सांगितलं.

“दरवाजे बंद करा रे, आधी बंद करा!” पलीकडे पाण्याच्या आवाजावर तो ओरडत सुटला.