जावयाचं ताट

सबब ऐकली की सांडूआबांचं टाळकं सरकायचं. अधिक महिन्यात धोंडे खायला आलेला जावई ऋतुराज आज त्याच्या लाडक्या जगज्जेत्या बॉक्सरची तरफदारी करत होता. "आबा, हारला त्या दोन्ही वेळेस त्याचा हात दुखावलेला होता. वरून पंच विकलेला!"

"पाव्हणं, हारला म्हणजे हारला!" आबा गरजले. "आमच्या घरात असली बहाणेबाजी चालत नाय."

तेवढ्यात शेजारच्या द्वारकाबाई दारातून डोकावल्या. "अगं बया! राजनंदिनी, डोळा एवढा काळानिळा कशानं गं?"

ऋतुराजचा घास हातातच राहिला. वाढता वाढता थांबलेली लेक बापाकडं बघत राहिली.



जावयाच्या ताटात तूप सोडत आबा म्हणाले, "काय नाय, कपाटाचं दार लागलं तिला."