खाडीपार

दुपारी खाटेवर झोपलेल्या हरेश्वरांचे हात अचानक उठले आणि हवेत वल्ही मारू लागले. शेंगा सोलणाऱ्या वासंतीबाई बघतच राहिल्या. भाताचा घास तोंडापर्यंत नेताना थरथरणारे तेच हात आता संथ लयीत पुढे-मागे होत होते.

"खाली बसा, होडी कलतेय," ते झोपेतच खणखणीत आवाजात म्हणाले. जागेपणी त्यांचं बोलणं शेजारच्यालाही ऐकू येत नसे.

"मग दिवसभर बाबा ढोंग करतात की काय?" दारात उभा असलेला मुलगा म्हणाला.

ते वासंतीबाईंच्या मनाला लागलं. पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलंच.

"ढोंग नाही, आजी. कंपवातात मेंदूच्या आत खोलवरच्या काही पेशी मरत जातात. जागेपणी हालचालीचा हुकूम तिथे अडखळतो. स्वप्नात तो बहुधा दुसऱ्या वाटेने जात असावा. खाटेवरून पडणार नाहीत, एवढं बघा."

घरी येऊन वासंतीबाईंनी खाट भिंतीला लावली, खाली गादी अंथरली आणि दुसऱ्या दुपारी त्या जवळच बसून राहिल्या. हात पुन्हा वल्हवू लागले. चाळीस वर्षं हरेश्वरांनी अख्ख्या गावाला खाडीपार नेलं होतं. पाण्याला भिणाऱ्या वासंतीबाई मात्र त्या होडीत एकदाही बसल्या नव्हत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मलाही न्याल का पलीकडे?"

वल्ही थांबली. मिटल्या डोळ्यांनीच हरेश्वरांनी हात पुढे केला. तो जराही थरथरत नव्हता.

"ये."

तो हात धरून वासंतीबाई खाटेच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी पाय वर घेतले.