नावाने हाक

“नवऱ्याचं नाव?” हेलनने पुन्हा विचारलं.

चतुराबाईने मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेवटी शेजारची गोजरबाईच म्हणाली, “संतराम. ती मरंपर्यंत न्हाई घेणार, मडम. आमच्यात बाया मालकाचं नाव घेत न्हाईत.”

हेलनचे डोळे चमकले. मिशनच्या दवाखान्यातली ही गोरी नर्स मराठी चांगलं शिकली होती, पण डोंगरकडा या गावात रोज काहीतरी नवल तिच्या पुढ्यात येऊन बसे.

“मग हाक कशी मारता?”

“अवं म्हणायचं,” चतुराबाई म्हणाली. “तुमच्यात काय म्हणतात?”

“नावच. जॉन, इकडे ये.”

“अन् येतो?”

तिघी पोट धरून हसल्या.

हसू फार टिकलं नाही. संतराम निजामाच्या पलटणीतून मलायाला लढायला गेला होता आणि तिथेच जपान्यांच्या कैदेत सापडला होता. आता लढाई संपली होती. बाहेर गाडीत एक माणूस बसला होता. चेहरा भाजून गेलेला, वाचा बसलेली, मागचं काही आठवत नसलेला. अंगातल्या कोटावर संतरामचा बिल्ला होता, म्हणून तो संतराम. तरी बायकोने ओळख पटवायला हवी होती.

त्याला पारावर आणून बसवलं. गाव गोळा झालं. चतुराबाई पुढे आली. जुनी खूण चाचपत तिने त्याच्या डाव्या कानामागे बोट फिरवलं, मग उजव्या कानामागे. हात तिथेच थांबला आणि डोळ्यांना धार लागली. ते पाहून हेलनलाही भरून आलं.

“मडम,” चतुराबाईने हळूच विचारलं, “म्या न्हाई म्हटलं तर याला कुठं नेणार?”

“बेवारशांच्या दवाखान्यात. तिथे याचं कोणी नसेल.”

माणूस टक लावून तिच्याकडे बघत होता. तिने पदरात बांधलेली भाकर सोडून पुढे केली. त्याने दोन्ही हात पसरून ती घेतली आणि मोडून अर्धी तिलाच परत दिली.

चतुराबाईने डोळे पुसले. “माझाच हाय. राहू द्या इथं.”

पारावर एकच कालवा उठला. हेलन तर लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवू लागली. चतुराबाईने त्या माणसाचा हात धरला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “उठा, संतराम. घर जवळच हाय.”