चढ आणि उतार

चाकणजवळच्या उद्धवरावांची नवी इलेक्ट्रिक गाडी दर सोमवारी न चुकता डोंगराच्या पायथ्याशी बंद पडायची. टोइंगची सोय पहिली तीन वर्षं फुकट होती, त्यामुळे फोन आला की टोइंगवाला सुजित आपला डिझेलचा ट्रक घेऊन धावायचा.

"शोरूमला नेऊ का, काका?"

"न्हाई रं. वर देवळापाशी सोड. पाया पडलो की व्हतीया चालू."

आणि खरंच, देवाला हात जोडले की गाडी मुकाट सुरू व्हायची आणि झोकात डोंगर उतरायची. पाचव्या सोमवारी सुजितनं न राहवून नारळच आणला.

"काका, देव जागृत आहे तुमचा. माझ्या ट्रकसाठी पण सांगा ना काहीतरी. चढाला नुसता डिझेल पितो."

उद्धवरावांना त्याची दया आली.

"आरं, माझ्या गाडीला काय धाड भरलीया? उतारावर ब्रेक लावला की हिची बॅटरी आपसूक भरती. चढायलाच तेवढी लई खाती, म्हणून तुला बोलवतो."

सुजितनं ट्रक चालू केला. भसकन काळा धूर निघाला, तसा उद्धवरावांनी नाकाला रुमाल लावला.

"तू बी विजेवरची घे की, भावा. किती घाण करतो डोंगरावर!"